वहिनीला सांगून या

माझ्या नणंदेइतका दुसऱ्याच्या चुकांना जीव लावणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. लोकांना चुकांचा राग येतो. आमच्या वन्संना चूक दिसली की घरी पाहुणा आल्यासारखा आनंद होतो. आमच्या पडवीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. खिडक्या उघडतात, बटणं दाबली की कामं होतात, असे प्रोग्राम लिहायला त्या शिकवायच्या. पोरांचा प्रोग्राम बंद पडून पडद्यावर लाल अक्षरं आली, की वन्संचा आवाज थेट चुलीपाशी यायचा, "वहिनी, चहा टाक गं, नवीन चूक आलीय." जुन्या चुकीला अर्धा कप. आणि एखाद्याचा प्रोग्राम पहिल्याच दमात चालला, तर त्याला चहाच नाही. वर ऐकून घ्यावं लागायचं, "चालला? मग कुठंतरी दडून बसली आसंल. हुडक."

पुण्याला नोकरी करून आलेल्या, बोलणं शहरातलं शिकून आलेल्या, पण क्लासमध्ये उभ्या राहिल्या की त्यांची भाषा पुन्हा निमगाव सावाच्या बाजाराची व्हायची. शिकवताना हात कायम पाठीमागे बांधलेले. पोरांच्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "मी दुरुस्त केलं तर चूक माझी झाली. तुझी चूक तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणायच्या. एखादं पोर फारच रडकुंडीला आलं की त्यांचे हात पाठीमागे वळवळायचे, पण सुटायचे नाहीत. मला ते मागून दिसायचं, कारण माझी बसायची जागा त्यांच्या मागे, माजघराच्या उंबऱ्यापाशी होती.

पडवीच्या भिंतीवर एक बटण होतं, जे दाबून काहीच लागत नव्हतं. आमच्या ह्यांनी वायरमनला दोनदा बोलावून आणलं. दोन्ही वेळा वन्संनी त्याला पाणी देऊन परत पाठवलं. ते बटण त्यांना शिकवायला लागायचं. पडद्यावर सुरेख बटण काढून, त्याच्यावर रंगीत नाव लिहून, एखादा म्हणायचा, "मॅडम, दाबतोय पण काहीच व्हत न्हाई." त्याला त्या भिंतीपाशी नेऊन म्हणायच्या, "हे दाब. लागला का दिवा? का न्हाई लागला? बटण हाय, दिवा हाय, मधली तार कुणी जोडायची, तुझ्या मामानं?" आमचे हे ओसरीवरून म्हणायचे, "शाळेपायी माझ्या घरात अंधार ठेवलाय हिनं." वन्सं म्हणायच्या, "दादा, तुझ्या अंधारात चार पोरांना उजेड पडलाय."

भीमाशंकरच्या वाटेवर पेढ्याचं दुकान असलेल्या घरातली एक मुलगी यायची. तिचा प्रोग्राम सारखा सांगायचा की इथं काही नाहीच. ती म्हणायची, "मॅडम, सगळं लिवलंय की मी. पेढ्याचं नाव, वजन, भाव." वन्संनी तिला विचारलं, "तुमच्या दुकानात साचा हाय का गं पेढ्याचा? गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात साचा देता?" मुलगी हसली. "मग तू काय केलंयस? साचा कोरून बसलीस. त्यातनं पेढा काढलाच न्हाई आणि तोंड उघडून बसलीस. आधी एक पेढा पाड, मग त्याचं वजन विचार." त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी सगळ्या क्लासला पेढे आणले. वन्संनी पेढा खाण्याआधी तो उलटा करून साच्याची नक्षी सगळ्यांना दाखवली, तोवर तो हातात मऊ झाला. दुसऱ्या एका मुलानं सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाची बेरीज केली, तर पाच आणि तीन शेजारी शेजारी चिकटून त्रेपन्न लिटर झाले. त्याचे वडील म्हणाले, राहू द्या मॅडम, हीच बेरीज बरी हाय.

पण या सगळ्यांपेक्षा वन्संची एक सवय अशी होती, की ती ऐकून माझ्या माहेरची माणसं मढहून खास बघायला आली. पोरगं अडलं, पेढ्यानं सुटेना, बटणानं सुटेना, की वन्सं मान तिरकी करून उंबऱ्याकडे दाखवायच्या. "जा. वहिनीला सांगून ये." मी चौथीपर्यंत शिकलेली. पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्यासुद्धा मी दाराआडून सरकवते. पहिल्या दिवशी एक मिसरूड फुटलेला मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि ओळीओळीनं काय लिहिलंय ते सांगायला लागला, तेव्हा मी पदर पुढं ओढून सुपातल्या तांदळात डोकं घातलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. वन्सं पडवीतून म्हणाल्या, "वहिनी, कळायचं न्हाई. तू नुसतं हूं म्हण." मी हूं म्हणत गेले. सातव्या-आठव्या ओळीला तो मुलगा मधेच थांबला, "आयला," म्हणाला, जीभ चावली आणि धावत गेला. त्याला चूक सापडली होती.

मग तो नेमच झाला. न समजणाऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे पोरं घाई करत नाहीत, ओळ गाळत नाहीत, असं वन्संचं म्हणणं. मी तांदूळ निवडते आहे, लसूण सोलते आहे, समोर कुणीतरी बसून सांगतंय. एकदा वन्संना बघायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. बोलता बोलता त्यानं ऑफिसातलं एक अडलेलं काम सांगितलं. वन्संनी त्यालाही पाठवलं. पोह्याची बशी हातात घेऊन तो उंबऱ्यापाशी बसला, मी हूं म्हणाले, आणि त्याची गाठ सुटली. त्या आनंदात तो उठून गेला तो पसंती-नापसंती कळवायचंच विसरला. वन्संना त्याचं काही वाटलं नाही. "काम तर झालं त्याचं," म्हणाल्या.

दोन दिवाळ्यांमागं आमच्या ह्यांनी पडवी खताच्या दुकानाला द्यायचं ठरवलं. त्यांचंही चुकीचं नव्हतं. बहिणीवर जीव आहे, पण घरात दोन मुलांची शिक्षणं होती. "पाडव्यापर्यंत दुसरी जागा बघ," म्हणाले. वन्सं उठल्या आणि दूधसंस्थेच्या चेअरमनना जाऊन भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या दूध मोजणीचा प्रोग्राम मी करून देते, पैसे नकोत, संस्थेची माडीवरची खोली क्लासला द्या. चेअरमन म्हणाले, "वसुबारसेला समद्यांसमोर चालवून दाव. चालला तर खोली तुझी."

वसुबारसेला सकाळी सगळे सभासद जमले. मीही बायकांच्या मागं उभी होते. वन्संनी एकेकाचं नाव आणि दूध प्रोग्राममध्ये भरलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर यादी आली. यादीभर नाव एकच. शेवटी भरलेलं नाव होतं एका म्हातारीचं, जिची एकच गाय, तीही आटत आलेली. वरपासून खालपर्यंत तीच म्हातारी आणि तेच दीड लिटर. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझ्या धा गाया, पोरी. धाही जणी मिळून म्हातारीच्या एकीयेवढंच देत्यात व्हय?" लोक हसले. म्हातारी म्हणाली, "आन् मी चेअरमन झाले का रं?" मग तर फारच हसले. वन्संनी हात पाठीमागे बांधलेले मला मागून दिसले. बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. चेअरमन माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "उद्या परत दाव. आमी थांबतो."

घरी येऊन वन्सं जेवल्या नाहीत. पडवीत बसून नुसत्या कीबोर्ड बडवत होत्या. इथं बदल, तिथं बदल, पुन्हा चालव. पोरांना जे कधी करू दिलं नाही ते सगळं स्वतः करत होत्या. दुपारी दिवाळीची भांडी घासायला मी उंबऱ्यापाशी काढली होती. चिंच लावून ठेवलेली, माझ्या माहेरची, सासूबाईंची, शेजारणींकडून लग्नकार्यात आलेली, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं. मी घासता घासता वन्संकडे बघत होते. मग धीर केला. "वन्सं," म्हटलं, "मला सांगा की."

त्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. उठल्या, कॉम्प्युटर तसाच सोडून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, पोरं बसायची तिथं. "बरं. आधी एक सभासद तयार केला."

"हूं."

"मग फेरा सुरू. पहिल्याचं नाव घातलं, दूध घातलं, यादीत ठेवला."

"हूं."

"मग दुसऱ्याचं नाव घातलं…" आणि थांबल्या. माझ्या हातात माझं नाव कोरलेला माहेरचा तांब्या होता. तो त्यांनी काढून घेतला आणि कोरलेल्या नावावरची चिंच अंगठ्यानं पुसली. "वहिनी, मी सगळ्या गावाला एकच तांब्या दिला गं. पहिल्याचं नाव खोडून त्याच्यावरच दुसऱ्याचं, त्याच्यावर तिसऱ्याचं. शेवटी म्हातारीचं ऱ्हायलं. दर माणसाला नवा तांब्या काढायला पायजे, मग त्याच्यावर नाव." मला पहिल्यांदाच त्यांचं सगळं कळलं. त्या पडवीत गेल्या, सभासद तयार करायची ओळ उचलून फेऱ्याच्या आत ठेवली, म्हणे, आणि मग मला हाक मारली, "वहिनी, चहा टाक. नवीन हाय." तो कप त्यांनी स्वतःच्या चुकीला प्यायला, पूर्ण.

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या दहा गायी चेअरमनकडे परत गेल्या. म्हातारीनं विचारलं, "माझं दीडच का?" तिला सांगितलं, दीडच. ती म्हणाली, "मंग बराबर हाय यंत्र." चेअरमननी किल्ली पुढं केली आणि विचारलं, चूक कशी काय सापडली. वन्संनी सगळ्या सभेसमोर सांगितलं, "आमच्या वहिनीला सांगितली." सगळी डोकी मागं वळली. मी एका धिप्पाड बाईच्या पाठीमागं सरकले, पण मान मी त्या दिवशी खाली घातली नाही.

क्लास आता माडीवर भरतो. मढपासून भीमाशंकरच्या खालच्या गावांपर्यंतची पोरं येतात. पडवीत खताची पोती आहेत, आणि दुकानदारानं पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या बटणाला तार जोडून घेतली. दुपारी तांदूळ निवडताना पोत्यांच्या बाजूनं कुणाचा आवाज आला, की माझ्या तोंडातून हूं निघून जातं.

माडी चढून जायला मला अजून लाज वाटते. एकदाच गेले, डबा द्यायला. खिडकीपाशी स्टुलावर माझा माहेरचा तांब्या ठेवलेला होता, नाव पुढं करून, आणि एक मुलगी त्याच्यासमोर बसून त्याला ओळीओळीनं सांगत होती. चौथीनंतर मी शाळेची पायरी चढले नाही. माझं नाव मात्र रोज तिथं हजर असतं.