पाय उचलला की

आमची गाडी एकोणीस वर्षांची. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती अधूनमधून बंद पडू लागली. चेन्नईत आवडीहून गिंडीला, लॉऱ्यांच्या रांगेतून, ती रोज बायको कामावर नेते. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे मला ठाऊक होतं. तिला सांगितलं नव्हतं, घाबरेल म्हणून.

दोष थ्रॉटलच्या स्विचचा होता. पाय उचलल्याचं हा स्विच इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, मग कॉम्प्युटर इंजिनाला मरू देत नाही. नवा स्विच कुठे मिळेना. रविवारी सकाळी मीच तो जुळवायला घेतला. स्विचच्या तारांना मीटर जोडला, दोन स्क्रू ढिले केले, थ्रॉटलच्या फटीत ०.३ मिलिमीटरचं पोलादी पातं सरकवलं, स्विच हळूहळू फिरवला. मीटर वाजला, म्हणजे स्विच जोडला गेला. ०.६ चं पातं घातलं, मीटर गप्प. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात हेच आकडे होते. स्क्रू आवळले आणि क्वार्टर्सच्या रस्त्यांवर वीस वेळा पाय उचलून पाहिला. वीसही वेळा इंजिन चालू राहिलं.

“एसी लावला होतात?” बायकोने विचारलं.

एसीचा भार इंजिनावरच पडतो, म्हणून पेट्रोल वाचवायला मी तो लावत नाही. ती एसीशिवाय गाडीत बसत नाही.

“बसा शेजारी. मी बघते.”

मुख्य रस्त्यावर तिने एसी लावून पाय उचलला. इंजिन मेलं. मागची लॉरी करकचून थांबली. आरशात नुसता बंपर. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून तमिळमध्ये विचारलं, “घरी सांगून आलीस का?” मरायला निघालेल्याला इथे असंच विचारतात.

“घरचे शेजारीच बसलेत!” ती तमिळमध्येच ओरडली. आणि किल्ली फिरवून तिने इंजिन पुन्हा सुरू केलं.

घरी येऊन ०.३ चं पातं घालून मीटर लावला. वाजला नाही. स्क्रू आवळताना स्विच केसभर सरकला होता, आणि आवळल्यावर मी मोजलंच नव्हतं. नोकरीत मी दुसऱ्यांनी घेतलेली मापं तपासतो. या वेळी स्विच बोटांनी दाबून धरला, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले, दर वेळी मोजलं. मग तिला जड ब्रेकचं सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी रजा टाकून मी चालवायला बसलो. ती शेजारी, एसी चालू. गिंडीच्या वाटेवर, पाडीच्या पुलाच्या उतारावर पुढची बस हळू झाली. मागे टँकर होता. क्लच दाबला, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काही उचलवेना. गाडी तशीच घरंगळत होती, इंजिन गुरगुरत होतं.

“अहो, पाय उचला.”

“मागे टँकर आहे.”

“माझ्या मागे रोज असतो. उचला.”

उचलला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाचशेपर्यंत घसरला, सगळी गाडी थरथरली. मग तो हळूहळू साडेआठशेवर चढला आणि तिथेच राहिला.

“आता पुन्हा,” ती म्हणाली.