संयम समितीची चिटणीस

मी हॉकी स्टिक पहिल्यांदा हातात घेतली ती वयाच्या साठाव्या वर्षी, आणि तीही पंख्यावरची जळमटं काढायला. स्टिक आमच्या घरी राहायला आलेल्या मुलीची होती. ती दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, उलटी धरलीय." त्या वेळी मी तिच्या संघाची व्यवस्थापक होते.

हे कसं झालं ते सांगते. मी तीसेक वर्षं एका शाळेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर एके दिवशी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ फवारणीची यंत्रं विकणारे एक शेठ घरी आले. ते आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. दहावीला नापास झाल्यावर त्यांचा दाखला मी त्याच दिवशी काढून दिला होता, हे ते विसरले नव्हते. जिल्ह्यात मुलींच्या हॉकीची सहा संघांची नवी स्पर्धा सुरू होत होती आणि त्यातला एक संघ शेठनी घेतला होता. नियम असा की मुलींच्या संघाची व्यवस्थापक बाईच हवी.

"मला हॉकीतलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"मला तरी कुठं कळतं मॅडम? मी द्राक्षबागेचे ब्लोअर विकतो. पण तुमचं काम चोख असतं."

प्रशिक्षक मात्र खरे होते. जुन्या नाशकातले, सत्तरीला टेकलेले. ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली आणि संध्याकाळी पोरापोरींना हॉकी शिकवली. सगळे त्यांना चाचा म्हणत. फार बोलत नसत. एखादा स्क्रू किती पिळायचा ते बोटाला कळेपर्यंत थांबणाऱ्या माणसाचं असतं तसं त्यांचं एकूण वागणं होतं.

खेळाडू निवडायच्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. मला ड्राफ्ट म्हणजे बँकेचाच माहीत. इथं तसं नव्हतं. सगळ्या मुलींची एक यादी, आणि चिठ्ठीत ज्या संघाचा पहिला नंबर निघेल त्यानं त्या यादीतून आधी निवड करायची. त्याआधी मुली बघून ठेवाव्यात म्हणून शेठ, चाचा आणि मी इगतपुरीला एक सामना बघायला गेलो. श्रावणाचे दिवस होते. मैदानावर धुकं असं की पलीकडचा गोल दिसत नव्हता आणि अलीकडचा अंदाजानं कळत होता. अर्ध्या तासात गोलाची फळी पाचदा 'खाड' वाजली आणि पाचदा शिट्टी झाली. शेजारी छत्री घेऊन उभे असलेले एक शिक्षक म्हणाले, "ती रेल्वेवाल्याची पोरगीच मारतेय. दुसऱ्या कोणाचा एवढा जोर नाय."

"पाच गोल," शेठ म्हणाले.

"मला तर काहीच दिसलं नाही," चाचा म्हणाले.

"मला ऐकू आलं."

आठवड्याभरानं स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिला नंबर आमचा आला. शेठनी क्षणाचाही विचार न करता त्या मुलीचं नाव घेतलं. बाकीचे पाच मालक एकमेकांकडे बघू लागले. त्यातल्या कोणीही तिला पाहिलं नव्हतं. खरं तर आम्हीही पाहिलं नव्हतं.

ती सतरा वर्षांची होती. तिची राहायची सोय आमच्याकडेच करायची ठरली, कारण घरात आम्ही दोघंच. तिला सोडायला वडील आले होते, रेल्वेत ट्रॅकमन. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि जाताना मला म्हणाले, "बाई, तिला घाई करू नका. चालायला पण उशिराच लागली. पण लागली ती बसली नाय."

तोवर द्वारकेला फ्लेक्स लागला होता. त्यावर तिचा फोटो, खाली 'गोलचं मशीन' अशी अक्षरं, आणि बाजूला शेठचा फोटो, तिच्या दीडपट.

पहिल्या सामन्यात चाचांनी तिला फॉरवर्डला उभं केलं. ती उभी राहिली ती राहिलीच. चेंडू जवळून गेला की मान वळवून बघायची. कोणी पास दिला तर तो नीट अडवून परत ज्याचा त्याला द्यायची, उसनी साखर परत करावी तशी. आम्ही तीन गोलांनी हरलो.

"काय करतेय ती?" शेठनी विचारलं.

"बघतेय," चाचा म्हणाले.

"काय बघतेय?"

"खेळ."

"खेळ बघायला तर आम्ही आलोय ना चाचा."

दुसरा सामना तसाच गेला, तिसराही. द्वारकेच्या सिग्नलला थांबलेले रिक्षावाले शेठना हाक मारून विचारू लागले, मशीन चालू झालं का. शेठ चाचांकडे गेले. चाचांनी त्यांना बसवलं आणि सांगितलं की ही पोर पहिल्यांदा घर सोडून आली आहे, मुरमाच्या सपाट मैदानावर पहिल्यांदा खेळते आहे, दोन सीझन जाऊ द्या, सबर ठेवा.

शेठ ऐकणारे होते. चाचांचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं आणि सबर ठेवायची तर ती पद्धतशीर ठेवावी म्हणून एक समिती नेमली. तिला नाव दिलं 'खेळाडू विकास व संयम समिती'. अध्यक्ष शेठ, सदस्य चाचा, चिटणीस मी. चार डोकी तरी हवीत म्हणून शेठचे मेहुणे. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता दुकानाच्या मागच्या भागात, नव्या ब्लोअरच्या टाक्यांमध्ये खुर्च्या टाकून बैठक व्हायची. पोहे यायचे. मी इतिवृत्त लिहायचे, कारण आयुष्यभर तेच केलं होतं.

पहिला ठराव झाला, 'खेळाडूबाबत संयम ठेवण्यात यावा.' एकमतानं मंजूर. दुसरा ठराव मुदतीचा होता. चाचांचं म्हणणं दोन सीझन, शेठचं दोन आठवडे. बराच वेळ गेला. शेवटी मी 'दिवाळीपर्यंत' असं लिहिलं आणि दोघांनीही सही केली. मेहुणे दोन बैठकांना आले आणि तिसरीला त्यांनी लेखी राजीनामा पाठवला. कारण दिलं होतं, 'संयम संपल्यामुळे.' मी तो फाइलला लावला.

चौथ्या बैठकीला मुलीलाच बोलावलं. ती सरावावरून आली होती, गुडघ्यांना लाल माती लागलेली. शेठनी तिला पोहे दिले आणि ती खाईपर्यंत मी तारीख आणि उपस्थिती लिहून घेतली.

"विकास कसा चाललाय?" शेठनी विचारलं.

"कोणाचा?"

"तुझा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं.

"चालू हाय," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'चालू आहे.' चाचांना हसू आलं आणि ते खोकल्यासारखं करून बाहेर गेले. पुढे दर सोमवारी तिला बोलावून हाच प्रश्न विचारायचं ठरलं.

घरी मात्र ती छान रमली होती. आमचे हे सकाळी साडेपाचला उठून चहा करत. दोघं गॅलरीत बसून एक शब्दही न बोलता तो पीत, आणि त्या तासाभराला दोघंही 'गप्पा' म्हणत. भात ती इतका खायची की मी मोठा कुकर काढला. खेळाबद्दल आम्ही तिला काही विचारायचं नाही असं ह्यांनी मला बजावलं होतं. एकदा मी न राहवून विचारलंच, "अगं, चेंडू जवळ आला की मारावासा वाटत नाही का?" ती म्हणाली, "वाटतं. पण तिथं दुसऱ्या पोरी असतात ना मारायला."

मग शेठना ती कल्पना सुचली. त्यांनी मला फोन केला. "मॅडम, आपलं चुकतंय. पोरगी धुक्यात तयार झालीय आणि आपण तिला उन्हात खेळवतोय."

रविवारी सकाळी सरावाला ट्रॅक्टर आला. मागं दुकानातला सगळ्यात मोठा ब्लोअर, टाकीत साधं पाणी. औषध नाही ना, हे मी स्वतः झाकण उघडून वास घेऊन बघितलं, शेवटी व्यवस्थापक होते. शेठनी हात वर केला आणि ट्रॅक्टरवाल्यानं पंखा सुरू केला. द्राक्षाच्या वेलींवर बसावं म्हणून बनवलेलं ते बारीक तुषारांचं पाणी दोन्ही बाजूंनी मैदानावर पसरलं. पाच मिनिटं खरंच धुक्यासारखं दिसलं. सहाव्या मिनिटाला मुरमाचा चिखल झाला. दोन मुली एकमेकींवर आदळल्या, आमची गोलकीपर पॅडसकट बसली आणि उठून झाडाखाली गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. चाचांचा पांढरा सदरा अंगाला चिकटला होता. शेठ आनंदानं ओरडून काहीतरी सांगत होते, पण पंख्याच्या आवाजात त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

पंखा बंद झाला आणि पाणी खाली बसलं, तेव्हा मैदानात ती एकटी उरली होती. आमच्याच गोलासमोर, गुडघ्यात वाकून, स्टिक जमिनीला टेकवून.

"हे धुकं नाय," ती शेठना म्हणाली. "धुक्याला आवाज नसतो."

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक चेंडू घेतला आणि पंधरा पावलांवरून जोरात मारला. तिनं अडवला. दुसरा मारला, तोही अडवला. चिखलातून वेडावाकडा उसळत आलेला तिसरा तिनं असा थांबवला, जसं दाराबाहेर निघालेलं कोंबडीचं पिल्लू आपण हातानं आत घेतो.

"तू इथं मागं का आलीस?" चाचांनी विचारलं.

"शाळेत मी हितंच खेळायचे. बॅकला."

शेठ चिखलातून आमच्याजवळ आले. "मग ते पाच गोल?"

"त्या दिवशी कोणालाच काय दिसत नव्हतं. मी हितनंच पुढं मारत होते, जोरात. आत गेले असतील."

"एवढ्या लांबून मारलेला गोल धरतच नाहीत," चाचा म्हणाले.

"अंपायरला तरी कुठं दिसत होतं?"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणी विचारलंच नाय," ती म्हणाली. "आणि फ्लेक्स लागला होता."

त्या दिवसापासून ती बॅकला खेळू लागली. शेठना ते फार लागलं. पहिल्या नंबरची निवड, आणि ती गोल करणार नाही. चाचांनी त्यांना समजावलं, "करणार नाही, पण होऊ देणार नाही." शेठ दोन दिवस दुकानातून बाहेर आले नाहीत. सोमवारी बैठकीत त्यांनी ठराव मांडला की यापुढे न झालेल्या गोलांची नोंद ठेवावी. मी वहीत रकाना आखला. त्यानंतर मी सामन्याला बसले आणि शेठ दुकानात अडकले असले, की त्यांचा फोन यायचा, "मॅडम, आज किती नाय झाले?" मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगायचे. कधी चार, कधी सहा. एकदा मी अकरा सांगितले. ते इतके खूश झाले की खरा निकाल विचारायला विसरले. आम्ही हरलो होतो.

त्या सीझनच्या शेवटच्या सामन्यात समोरच्या मुलीनं मारलेला एक मरतुकडा चेंडू तिच्या स्टिकला लागला आणि आमच्याच गोलात गेला. फळी वाजली. शेठ खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले. चाचांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. घरी येताना ती रिक्षात रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "शेठना किती बरं वाटलं होतं. तेवढ्यासाठी खाली बसवायला नको होतं."

आम्ही सहाव्या आलो. सहापैकी. शेठ तिला सोडून देतील, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. पण दिवाळीनंतरच्या बैठकीत ते म्हणाले, "मुदतवाढ द्या." समिती बंद करायचा विचार चाचांनी बोलून दाखवला होता. पण बंद करायच्या ठरावाला चार सदस्य लागत होते आणि मेहुणे गेल्यामुळे आम्ही तिघंच उरलो होतो. त्यामुळे ती चालू राहिली.

दुसऱ्या वर्षी ती बोलायला लागली. मैदानात, म्हणजे. मागून हाका मारून पुढच्या मुलींना जागा सांगायची. पाय मुरगळून महिनाभर बाहेर बसली, तेव्हा माझ्या शेजारी बसून मला सांगायची, "चेंडूकडं बघू नका काकू, रिकाम्या जागेकडं बघा." मी तसं बघायला लागले आणि मला पहिल्यांदाच कळलं की ती पहिल्या सामन्यात उभी राहून काय बघत होती. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुमचाही विकास चाललाय मॅडम."

त्या वर्षी आम्ही चौथ्या आलो आणि तिला राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलं. शेठनी पेढे वाटले. कोणत्या जागेसाठी निवड झाली, असं कोणी विचारलं तर ते अभिमानानं सांगत, "न होऊ द्यायच्या."

जाऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा तिचा फोन आला. तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलंय की हे वर्ष बाहेर बसून शिक, पुढचं पुढं बघू.

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं. पण इथं सोमवारी कोणीच काय विचारत नाय काकू. जरा करमत नाय."

मी विचारलं, जेवण कसं आहे. म्हणाली, भात कच्चा असतो. मग तिनं फोन ह्यांच्याकडे द्यायला सांगितलं. ह्यांनी तो कानाला लावला आणि गॅलरीत जाऊन बसले. बराच वेळ बसले होते. बोलताना मात्र काही ऐकू आलं नाही.