शेवटच्या कार्डावरची नावं

दादांच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ दादांनीच बनवून ठेवला होता.

त्यांना आधी काही कळलं होतं असं नाही. जव्हार-मोखाड्यात ज्यांच्या घरी कुणी गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. समई, झेंडूचा हार, मधे फोटोची चौकट, खाली नाव आणि गाव. शेवटी 'शोकाकुल' लिहिलेलं कार्ड.

फोटो आणि नाव बदललं की व्हिडिओ तयार.

परवा सकाळी दादा गेले. हार्ट अटॅक. नाशिकला नेताना वाटेतच.

काल त्या चौकटीत मी त्यांचा फोटो बसवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादांचा जव्हारला फोटो स्टुडिओ. सगळा गाव दादा म्हणायचा म्हणून मीही दादाच म्हणायचे. मी जामसरची. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून त्यांच्याकडे एडिटिंगला लागले, त्याला अकरा वर्षं झाली. मधे माझं लग्न झालं, मुलगी झाली. खुर्ची तीच राहिली.

पहिल्या सीझनला मी प्रत्येक लग्नाचं टायटल नव्यानं बनवायचे. अक्षरांना सोनेरी कडा, कोपऱ्यात फुलं, मग ती फुलं हलवायची. एका हळदीला अख्खा दिवस जायचा.

दादा दोन दिवस मागे उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रोज नवी चूल मांडतेस का ग?"

मग त्यांनी टेम्प्लेट शिकवलं. हळदीचं एक, वरातीचं एक, बारशाचं एक. टायटल एकदा नीट करायचं, सेव्ह करायचं, पुढच्या वेळी फक्त नाव बदलायचं. दिवसाचं काम तासावर आलं.

मला तर पंखच फुटले.

श्रद्धांजलीच्या टेम्प्लेटमध्ये शेवटच्या कार्डावर मी कायमचं टाईप करून ठेवलं, 'मुले, सुना, नातवंडे आणि समस्त परिवार'. सगळ्यांना चालतं. दर वेळी विचारत कोण बसणार?

मग दाभोश्याचे एक आजोबा वारले. त्यांच्या पुतण्यानं व्हॉट्सॲपवर फोटो आणि नाव पाठवलं. मी दहा मिनिटांत व्हिडिओ करून दिला. तो सगळ्या ग्रुपवर फिरला.

दोन दिवसांनी दादांना आजोबांच्या मुलीचा फोन आला. ती भांडली नाही. फक्त विचारलं, व्हिडिओ कुणी बनवला.

दुसऱ्या दिवशी भर सीझनमध्ये दादांनी दुकान बंद केलं आणि मला घेऊन दाभोश्याच्या जीपमध्ये बसले. वाटभर मी कुरकुरत होते. दुसरा व्हिडिओ करून पाठवू, त्यासाठी जायला कशाला हवं?

त्या ताईंनी आम्हाला ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. आई गेल्यावर बापासाठी लग्न न करता घरी राहिलेली बाई. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबाला मुलगा नाय, सून नाय. मी एकलीच व्हती. तू लिवलंस ती कोन?"



दादांनी हात जोडले. ताईंचं पूर्ण नाव विचारलं आणि मला कागदावर लिहायला लावलं.

दुकानात आल्यावर त्यांनी टेम्प्लेट उघडलं, माझी ओळ पुसली आणि तिथं दोन शब्द टाईप केले.

'घरी विचार'.

विसरलीस तर व्हिडिओत तेच दिसेल, म्हणाले. मी तोंड पाडून बसले होते. तेव्हा म्हणाले, "टेम्प्लेटनं वेळ वाचतो ना? मग तो वाचलेला वेळ फोन करायला घाल."

तेव्हापासून प्रत्येक घरी फोन करते. काही लोक वैतागतात. काही नावं सांगता सांगता रडतात. एका घरानं शेजारणीचं नाव घालायला सांगितलं, कारण शेवटचे सहा महिने तीच दवाखान्यात न्यायची. माझी कुरकुर कधी थांबली ते मलाही आठवत नाही.

काल दादांचं नाव टाईप करताना दोनदा चुकले. शेवटच्या कार्डावर आले.

'घरी विचार'.

दादांना मूलबाळ नाही. घरी वहिनी, दादांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी भाऊजी म्हणते, आणि त्यांची बायको-मुलं. सगळी नावं मला पाठ. खुर्चीतून न उठताही लिहिता आली असती.

उठले. मागच्या गल्लीतच तर घर आहे.

बाहेर पुरुष मंडळी बसली होती. भाऊजी म्हणाले, 'समस्त परिवार' लिही, पुरे. त्यांचंही चूक नव्हतं, ते दोन दिवस उभेच होते. मी म्हटलं, वहिनींना विचारते.

वहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कागद-पेन घेऊन शेजारी बसले. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. भाऊजींचं, जावेचं, पुतण्यांचं सांगितलं. लिहून घेतलं आणि उठले.

"आणि मुलीचं?"

मला वाटलं, भाऊजींच्या मुलीचं राहिलं. विचारलं, कुठल्या मुलीचं वहिनी?

"ते सगळ्यांना सांगायचे, दुकान माझी पोरगी बघते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझं नाव मी सांगायला पायजे का ग?"

मी तिथंच बसून रडले. वहिनीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

दुकानात येऊन नावं टाईप केली. माझं शेवटी घातलं. फॉन्ट तोच, दादांनी निवडलेला.

व्हिडिओ खाली टाकलाय. शेवटचं कार्ड नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवलंय, सगळ्यांची नावं वाचून होतील इतका.

दादा, घरी विचारलं.

तुमच्या पोरीचा नमस्कार.