पिवळी मोसंबी निर्दोष सुटली!

मित्रांनो, आज दुपारी मी खडवलीच्या आमच्या नर्सरीत चक्क नाचलो.

ज्या जुन्या मोसंबीवरून आम्ही सगळी कलमं करतो, तिची पानं पिवळी पडलेली. मालक जोसेफ काका म्हणाले, "ग्रीनिंग लागलंय. जिवाणूंचा रोग आहे, औषध नाही. तोडून टाकू."

मी हट्टानं तिची पानं ठाण्याच्या लॅबमध्ये नेली. करोनात स्वॅबची करायचे तीच पीसीआर टेस्ट झाडांचीही होते. सोबत तुलनेसाठी शेजारच्या हिरव्यागार मोसंबीचीही पानं वेगळ्या पाकिटात दिली.

रिपोर्ट आला. पिवळी निगेटिव्ह, हिरवी पॉझिटिव्ह!

काका हसले, "अरे नववी नापास, पाकिटं उलटी भरलीस!"

पण प्रत्येक फांदीला आणि तिच्या पाकिटाला मी एकच नंबर बांधलेला. तरी काकांनी स्वतः पानं तोडून पुन्हा तपासायला दिली.

आज तोच निकाल आला. हा रोग आत शिरला तरी झाड बराच काळ हिरवंगार दिसू शकतं म्हणे. जुनी मोसंबी वाचली! तिला फक्त खत कमी पडत होतं.

काकांनी कुऱ्हाड उचलली. "कुठलं तोडू? आता तूच सांग रे."

मी हिरव्या झाडाकडे बोट दाखवलं. खरं सांगा, इतक्या देखण्या झाडावर तुम्ही संशय घेतला असता?