लाल नाव
ओल्या प्लायवुडचा वास आला की मला विद्यानगरातलं ते सायबर कॅफे आठवतं. कॉलेज बुडवून मी तिथं एक ऑनलाइन खेळ खेळायचो. त्यात कुणाला विनाकारण मारलं, की आपलं नाव लाल व्हायचं आणि तीन तास तुरुंगात बसावं लागायचं. ज्याला मारलं त्यानं माफ केलं, तरच लवकर सुटका. एका दुपारी तळ्याकाठी मासे धरणाऱ्या एका अनोळखी खेळाडूला मी मागून मारलं, त्याची होडी पळवली आणि पकडला गेलो. तेवढ्यात शेजारच्या संगणकामधल्या प्लायवुडच्या आडोशावरून एक मुलगी डोकावली. माझ्या पडद्यावरचं लाल नाव वाचून आधी कानडीत म्हणाली, "याक?" मग मराठीत, "का मारलंस मला? ती होडी बांधायला महिना गेला माझा." "सहज," मी म्हणालो आणि माझे कान तापले. ती पुन्हा आपल्या पडद्याकडे वळली. थोड्या वेळानं तुरुंगाचं दार उघडलं; तिनं माफ केलं होतं. खेळातल्या तळ्यावर होडी परत द्यायला गेलो, तर म्हणाली, "आता बस इथं, जाळं धर." संध्याकाळपर्यंत आम्ही मासे धरले. आज मी अशाच खेळांचे नियम लिहितो. सगळे शिक्षा वाढवा म्हणतात, तेव्हा मी एवढंच विचारतो, की ज्याला मारलं त्याला बोलायची सोय आहे का?