कोरी काच

रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याला सगळे काप्या म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई. कामच तसलं. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. शेजारी कुणी हसलं-शिंकलं तरी स्वारी डोळे वटारी. "हसायचं तर बाहेर जाऊन हसा, माझे काप उडतात," असं साहेबांनाही सुनावायला कमी करत नसे.

मग रंग चढवायचा. आपल्या अंगात एक प्रथिन असतं. बिघडलेल्या पेशीला ते पहारेकऱ्यासारखं अडवतं, वाढू देत नाही. तेच बिघडलं की बहुधा पेशींत साचून राहतं आणि रंग दिल्यावर काच गडद तपकिरी होते. तशी काच वर गेली की ती वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरायचा, हे काप्या वर्षानुवर्षं बघत आलेला. काच वाचणं त्याचं काम नव्हतं, पण तपकिरी म्हणजे वाईट, एवढं गणित त्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

आणि थोरल्या बहिणीच्या मांडीत गाठ निघाली. स्नायूत वाढणारा कर्करोग. गाठ काढली, पुढे किरणांच्या उपचारांची तारीखही मिळाली. गाठीचे काप काप्यानेच केले. पहिले काही तर फाटलेच. रंग देऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर गाठीच्या पेशींवर तपकिरीचा मागमूस नाही! पठ्ठ्याने जिन्यातूनच फोन लावला.

"ताई, सुटलीस! काच कोरी आहे!"

"खरंच? मग ते किरणांचे उपचार कशाला? अंग भाजून निघतं म्हणे. नको म्हणून कळवते."

"कळव की!" म्हणाला शहाणा.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्याला वर बोलावलं. "ही रक्तवाहिनीची पेशी बघ, फिकट रंग आहे. म्हणजे तुझं काम चोख झालंय. चांगल्या पेशीत हे प्रथिन थोडं तरी असतंच. गाठीत मात्र पूर्ण गायब. पहारेकरी जागेवरच नाही."

"म्हणजे... वाईट?"

"अशी गाठ परत यायची भीती जास्त. तुझ्या बहिणीचं पुढे काय होईल, ते एका काचेवरून मी नाही सांगू शकत. पण उपचार चुकवू नका."

काप्या तसाच बहिणीकडे गेला. दारात भावजी, "या डॉक्टर, या! आज तोंड गोड केल्याशिवाय सोडत नाही!"

"ताई, माझं चुकलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

भावजींनी पेढ्यांचा डबा मिटून ठेवला. ताई म्हणाली, "तुला विचारलं होतं का रे कुणी?"

"आता वाचेन का, ते तरी सांग," तिनेच पुढे विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आला होता. त्याने तो गिळला. "माहीत नाही, ताई."

"मग लाव फोन त्या किरणांच्या विभागात. तूच सांग त्यांना, येतेय म्हणून."

त्याने लावला. पलीकडच्या बाईने कागद चाळले. ताईने नको म्हणून कळवल्यावर तिची जागा सकाळीच दुसऱ्या कुणाला दिली होती. पुढची मोकळी झाली की कळवू, म्हणाली.

फोन कानाला तसाच धरून काप्या उभा. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती.