भागरथाबाईचा बाप्तिस्मा

कप आधी खाली ठेवा! माझी ही फजिती ऐकताना चहा तोंडात असला तर ठसका लागेल, मग मला बोल लावू नका.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. मूल नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात मी नवाकोरा पाद्री. आमचं ख्रिस्ती देऊळ म्हणजे कौलारू खोली. एका चटईवर बाप्ये, दुसरीवर बाया. आणि माझी उपासना? 'बंधूंनो'ने सुरू, 'पुत्रांनो'ने खतम! बायांकडे बघूनही बंधूंनोच. कधी खटकलंच नाही हो!

भागरथाबाई म्हणून एक विधवा दाराशी बसून ऐकायची. तिचा बाप्तिस्मा ठरला. माझ्या हातचा पहिलाच! आदल्या दिवशी तिनं मला धानाच्या बांधावर अडवलं.

"पाद्रीभाऊ, तुमच्या देवाच्या घरी मले जागा हाये का नाई?"

"म्हणजे काय! आहे ना!"

"मंग सारं भावाचंच काऊन चालू राह्यते? मी काय तिथी पानी भराले येऊ?"

लागलं मनाला. छाती फुगवून म्हणालो, "बाई, उद्या कान देऊन ऐका!"

आता उपासनेत पहिली येते पापाची कबुली. केली सुरुवात! "देवा, भाऊ पापी, बहिणीही पापी! बहिणी चुगल्या करतात, बहिणी शेजारणीचा हेवा करतात..." आजवरची सगळी कसर एका दमात भरून काढली. बायांच्या चटईवर चुळबुळ. मला वाटलं, भक्तीनं हेलावल्या! आणखीच चेव आला.

मग आलं देवाच्या राज्याचं वचन. "बंधूंनो, पुत्रांनो, राज्य तुमचं आहे!" सवय हो, दुसरं काय?

भागरथाबाईनं पदर खोचला. "वा रे भाऊ! पापाच्या टायमाले बहिनी, अन् राज वाटाच्या टायमाले भाऊ? नाई पायजे मले तुमचा बाप्तिस्मा!"

ती निघाली. मागोमाग अख्खी चटई उठली. सगळ्यात पुढे कोण? माझी बायको!

पाण्याचं भांडं घेऊन मी धावलो. अर्धं धोतरावर सांडलं. खरं सांगतो, ही बाई देवापासून दूर गेली असती ती माझ्या तोंडामुळे!

"बाई, चुकलो. राज्य तुमचंही आहे, भावांइतकंच."

"मंग आत चालून सांगा. इथी कोंबड्या ऐकून राह्यल्या."

सगळ्यांना घेऊन आत गेलो. एकेकीचं नाव घेऊन सांगितलं, राज्य तुझं आहे. भागरथाबाईनं डोकं पुढे केलं, उरलेल्या पाण्यानं मी बाप्तिस्मा दिला. तिचे डोळे भरले, माझेही. बायांचं 'आमेन' असं दणक्यात आलं, की कौलांवरचे पारवे उडाले. इतक्या दिवसांत बायांचा आवाज देवळात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

निघताना भीत भीत विचारलं, "बाई, पुढच्या रविवारी पापाचं कसं म्हणू?"

"ते तुमी लय झकास म्हनता, भाऊ. फक्त सोताच्या नावानं म्हना!"

झालं! मी तिथं होतो तोवर राज्य सगळ्यांचं, पाप माझ्या एकट्याचं. आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' म्हणायची माझी बायको!